स्टॅबिलायझरच्या डब्यातला कंप्युटर

माझी बायको मागच्या हिवाळ्यात घरी राहायला आली. लग्नाला चार वर्षं होऊन गेल्यावर हे वाक्य लिहावं लागतं, यातच सगळं आलं. ती एटापल्लीच्या पुढे एका आश्रमशाळेत तासिकेवर गणित शिकवत होती आणि मी इकडे घुग्घुसजवळच्या सिमेंट कारखान्यात ट्रकच्या वजनकाट्यावर. मध्ये अख्खं जंगल आणि बदलत जायच्या बसगाड्या. पंधरवड्यातून एकदा ती यायची, रविवारी परत निघायची, आणि जाताना तिच्या पिशवीत विजेची एक छोटी शेगडी असायची. खोलीवर ठेवली तर उंदीर तिची वायर कुरतडायचे, म्हणून ती शेगडीही बायकोसोबत ये-जा करायची. मला त्या शेगडीचा भयंकर राग होता. सरकारवर, जंगलावर आणि एसटीवर राग काढून उपयोग नसतो, शेगडीवर निदान काढता येतो.

फोन करायचा तर तिला शाळेमागच्या टेकाडावर चढावं लागे, आणि तिथेही वाक्य अर्ध्यात तुटे. "ऐकू येऊन राह्यलं का?" हेच आम्ही नवराबायको एकमेकांना सर्वांत जास्त वेळा बोललो असू.

दिवाळीच्या सुटीत तिला एका ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीत काम मिळालं. मिळालं म्हणजे चाचणीवर. सकाळची शाळा असलेल्या मुलांचा दुपारचा वर्ग महिनाभर घ्यायचा, आणि शेवटी कंपनी काय ते ठरवणार. जमलं तर घरी बसून नोकरी. नाही जमलं तर आश्रमशाळेची जागा तिने सोडलेली नव्हती, नुसती रजा टाकली होती. शेगडी उचलायची आणि बस पकडायची. आल्या दिवशीच मी ती शेगडी माळ्यावर टाकायला उचलली, तर तिने माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू द्या खालीच," ती म्हणाली. "पक्कं झालं का मग ठेवू वरती."

तिने शेगडी पुसली, वायर गुंडाळली आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली. आई बघत होती. त्या दिवसापासून स्वयंपाक करताना ती त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसू लागली. बाबा गेल्यापासून माझी आई दिवसभर घरात एकटी असायची. मी कामावर, सून जंगलात. सून येणार असली की दोन भाज्या व्हायच्या आणि सून गेली की कालच्या वरणावर भागायचं. आता ती रोज दोन भाज्या करत होती. पौर्णिमेला बुद्धविहारात वंदनेला गेली तेव्हा नेहमीपेक्षा बराच वेळ डोळे मिटून बसली. आमच्यात काही मागायची पद्धत नाही, पण ती काय घोकत होती ते मला शेजारी बसून कळत होतं.

कंपनीची अट अशी की वर्ग मोबाइलवर घ्यायचा नाही, मोठा पडदा आणि कॅमेरा असलेला कंप्युटर हवा. मी म्हटलं, घेऊन टाकू एखादा लॅपटॉप. बायको म्हणाली, नोकरी पक्की झाल्याशिवाय घरात नवीन वस्तू येणार नाही, हात दाखवून अवलक्षण नको. मी तोंडावर नाराजी दाखवली आणि मनातून खूश झालो. कारण आमच्या पलंगाखाली दोन खोकी होती, आणि त्या खोक्यांसाठी मी चार वर्षं टोमणे खाल्ले होते.

त्या खोक्यांत काय नव्हतं? कोण्या ऑफिसच्या काउंटरवरून निघालेल्या बुटक्या मशीनचा तळहाताहून थोडा मोठा मदरबोर्ड, प्रोसेसरसकट. बहिणीच्या कोरपन्याच्या घरी फळीवरून पडून पडदा फुटलेल्या लॅपटॉपची रॅम, हार्ड डिस्क आणि चार्जर. नागभीडला मित्राने कंप्युटर क्लास बंद केला तेव्हा त्याने हौसेने दिलेला चौकोनी मॉनिटर, एक कॅमेरा, आणि निरनिराळ्या वयाचे पंखे. माणसं जुन्या चपला टाकत नाहीत, मी जुने पंखे टाकत नव्हतो. बायको मला भंगारवालाच म्हणायची, आणि तेही पाहुण्यांसमोर.

"आता बघ," मी म्हटलं, "जुनं ते सोनं."

"सोनं सुरू झालं का सांगा," ती म्हणाली आणि शाळेतून आणलेल्या वह्या तपासायला बसली.

जोडणी काही फार अवघड नसते. अवघड असतं ते सगळं कशात तरी बसवणं. मोठा कॅबिनेट माझ्याकडे होता, पण तो ठेवला असता तर खोलीत बायकोला बसायला जागा उरली नसती. मी घरभर डबे शोधत फिरलो. मसाल्याचा डबा लहान, पिठाचा गोल, आणि बिस्किटाच्या डब्याला आईने हात लावू दिला नाही. शेवटी माळ्यावर हात घातला तर तिथे बाबांच्या वेळचा स्टॅबिलायझर निघाला. आमचा पहिला रंगीत टीव्ही आला तेव्हा त्याच्यासोबत आलेला. करड्या रंगाचा लोखंडी चौकोनी डबा, दोन्ही बाजूंनी आणि वरून हवा जायच्या भेगा, पुढे व्होल्ट दाखवायचा काटा आणि एक हिरवा दिवा. आतला ट्रान्सफॉर्मर कधीच जळून गेला होता. तो काढला तर आत अशी ऐसपैस जागा झाली की मी तिथेच माळ्यावर बसून हसलो.

रविवार त्यातच गेला. बोर्ड एका कोपऱ्यात अडत होता, म्हणून डब्याची आतली कड कानशीने घासली. पंखा वरच्या भेगांखाली बसवला. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. हिरवा दिवा बोर्डाला जोडला, आणि काटा नुसता शोभेला ठेवला. चालू करायचं बटण बायकोच्या टेबलावर हवं होतं, म्हणून दाराच्या घंटीचं एक पडीक बटण लांब वायरला लावून दिलं. फुकट मिळणारी हलकी सिस्टिम टाकली. बायकोने घंटीचं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, आणि मॉनिटरवर अक्षरं धावू लागली. ज्याला चार वर्षं भंगारवाला म्हटलं गेलं आहे, त्याने अशा वेळी गप्पच राहावं.

आई डब्याकडे बघत होती. "हा तर आपला स्टॅबिलायझर होय," ती म्हणाली. "बाबांनी आनला होता टीव्हीच्या संगं."

"आता तो कंप्युटर आहे," मी म्हटलं. "आणि आई, याले हात नाई लावायचा. काही झालं तरी नाई."

"मी कायले हात लावू बा तुह्या मशीनले?" आई म्हणाली.

एकच अडचण निघाली. तो जुना पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता आणि तो आवाज वर्गातल्या मुलांना ऐकू जात होता. आमचं घर जमेल तसतसं वाढलेलं आहे. स्वयंपाकघर मागून बांधलं, त्यामुळे झोपायच्या खोलीची जुनी खिडकी आता बाहेर न उघडता स्वयंपाकघरात उघडते. मी मशीन त्या खिडकीच्या कट्ट्यावर स्वयंपाकघराच्या बाजूने ठेवलं, चौकटीतल्या भोकातून वायरी खोलीत घेतल्या आणि खिडकीची दारं लावून टाकली. खोलीत बायको, मॉनिटर आणि घंटीचं बटण. पलीकडे स्वयंपाकघरात मशीन. आवाज बंद. स्वतःच्या अकलेवर मी इतका खूश झालो की दुसऱ्या दिवशी काट्यावर आलेल्या ट्रकवाल्यांनाही सांगितलं.

पहिला आठवडा छान गेला. मग एका दुपारी, वर्ग ऐन रंगात असताना, मशीन फट्कन बंद पडलं. बायकोने घंटी दाबली. पुन्हा दाबली. काही नाही. तिने मोबाइलवरून मुलांची माफी मागितली, आणि थोड्या वेळाने पुन्हा घंटी दाबली तर मशीन शहाण्यासारखं सुरू झालं. संध्याकाळी मी घरी येऊन पाहिलं तर सगळं ठीक. तासभर व्हिडिओ चालवून पाहिले. आतलं तपमान पाहिलं, तेही ठीक. मी म्हटलं, वीज गेली असेल. बायको म्हणाली, बाजूचा ट्यूबलाइट चालू होता.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दुपार, वर्ग, फट्कन बंद. संध्याकाळी मी आलो की मशीन असं चालायचं जसं काही ते जन्मात कधी बंद पडलेलंच नाही. मला अशा वस्तूंचा संताप येतो. बिघडायचं तर माझ्यासमोर बिघड ना! मी रॅम काढून खोडरबरने घासून परत बसवली. चार्जर बदलला. घंटीच्या बटणावर संशय घेतला, तेही बदललं. आईला विचारलं, "तू हात तर नाई लावला याले?"

"बोटबी नाई लावलं," आई म्हणाली. आणि ते शंभर टक्के खरं होतं.

काट्यावरच्या माझ्या जोडीदाराला हे सांगितलं, तर तो सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात सरकवत म्हणाला, "ब्लास्टिंगच्या वेळी बंद पडते का पाह्य बरं. माह्या घरच्या भिंतीले तडे गेले, तुह्या रॅमचं काय घेऊन बसला भाऊ?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घुग्घुसच्या एका अंगाला कोळशाची खुली खाण आहे. दुपारी तिथे सुरुंग लावायच्या आधी भोंगा वाजतो, मग धडाका होतो, ताटं थरथरतात, आणि मग धुळीचा एक लोट गावावरून सरकत जातो. रोज आमच्या बाजूला होत नाही, पण होतो तेव्हा कळतो. घरी येऊन बायकोला विचारलं. ती विचार करून म्हणाली, हो, दोन्ही वेळा त्याआधी धडाका झाला होता. लगेच नाही, पण अर्ध्या पाऊण तासाने मशीन गेलं.

झालं. चोर सापडला. हादऱ्याने रॅम थोडी सैल होते, मग हळूहळू निसटते, असा मी शोध लावला. रॅम दोऱ्याने बांधून टाकली. मशीनच्या खाली जुन्या चपलांचे तळवे कापून गादी केली. खाणीला, सुरुंगाला आणि कोळशाच्या व्यापाराला मनसोक्त शिव्या दिल्या. आई म्हणाली, "बाबांच्या त्याच खाणीच्या पगारावर तू वाढला ना बा." मी म्हटलं, तो वेगळा विषय आहे.

तीन दिवस शांततेत गेले, कारण त्या तीन दिवसांत आमच्या बाजूला सुरुंगच नव्हते. चौथ्या दिवशी धडाका झाला आणि मशीन पुन्हा बंद पडलं.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा बायको कट्ट्याशी उभी होती. कंपनीच्या बाईंचा फोन येऊन गेला होता. त्या म्हणाल्या, तुमचं शिकवणं चांगलं आहे, मुलांचे पालकही खूश आहेत, पण वर्ग असा तुटत असेल तर आम्हाला परवडत नाही. शनिवारी मी स्वतः वर्गात बसून पाहणार आहे. तेव्हा तुटला तर पुढे जमणार नाही. हे सांगून बायकोने कोपऱ्यातली शेगडी घेतली आणि तिची वायर सोडून, पुसून, पुन्हा गुंडाळली. ती वायर आधीच नीट गुंडाळलेली होती.

"मी तिकडच्या मुख्याध्यापकाले फोन करून ठेवते," ती म्हणाली. "मले नाई वाटत आता."

"नवा लॅपटॉप आणू," मी म्हटलं. "रविवारी चंद्रपूरले जाऊ."

"रविवार शनिवारच्या नंतर येते," ती म्हणाली.

गणिताच्या मास्तरणीशी वाद घालण्यात अर्थ नसतो. जोडीदाराचा लॅपटॉप मागितला तर त्यावर त्याच्या मुलीची परीक्षा होती. कामामुळे शनिवारच्या आत चंद्रपूरला जाणं जमत नव्हतं. शेवटी शनिवारची रजा टाकली आणि ठरवलं की वर्गभर मशीनशेजारी बसून राहायचं. बंद पडलंच तर निदान डोळ्यांदेखत पडू दे. मला खरंच भीती वाटत होती. ती पुन्हा टेकाडावर उभी राहून "ऐकू येऊन राह्यलं का" म्हणणार आणि आई कालच्या वरणावर जेवणार, हे मला समोर दिसत होतं.

शनिवारी दुपारी वर्ग सुरू झाला. मी स्वयंपाकघरात कट्ट्यापाशी पाट टाकून बसलो. हिरवा दिवा जळत होता, पंखा घरघरत होता, बंद खिडकीपलीकडून बायकोचा आवाज येत होता. अपूर्णांक चालले होते. एका भाकरीचे चार तुकडे, त्यातले तीन कोणी खाल्ले, असं काहीतरी. आवाज इतका शांत की कोणाला वाटलं नसतं, या बाईचा आज निकाल आहे. आई डाळ निवडत होती. आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

इथे बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागेल. घुग्घुसमध्ये भोंगा वाजला की कोणी विचार करत नाही. बायामाणसं हातातलं काम टाकून उठतात. दोरीवरचे कपडे आत, पाण्याच्या पिंपावर फडकं, वाळवणावर ताट, खिडक्या बंद. आमच्या घरात प्रत्येक वस्तूला आईने शिवलेलं कव्हर आहे. टीव्हीला, फ्रिजला, मिक्सरला, शिलाई मशीनला, गॅसच्या सिलिंडरलाही झालरीचा झगा. पाहुणे हसतात. एक दुपार थांबले की हसायचे थांबतात. हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही. शिंक आली की हात जसा तोंडाशी जातो, तसंच ते आहे.

"कपडे!" आई म्हणाली, आणि मी, जो मशीनशेजारून हलणार नव्हतो, तो दुसऱ्या क्षणी अंगणात दोरीपाशी होतो. लहानपणापासून कपडे माझ्याकडे आणि घर आईकडे, अशी आमची वाटणी आहे. चादर, साड्या, माझी पँट, सगळं छातीशी कवटाळलं आणि धडाका झाला. कौलं वाजली. मी धावत आत आलो. खिडकीपलीकडून बायको म्हणत होती, "म्हणजे उरला एक चतुर्थांश." मशीन चालू होतं! चपलांच्या तळव्यांनी काम केलं होतं. मी कपड्यांचा ढीग पाटाशेजारी टाकला आणि विजयाने घड्या घालत बसलो.

किती वेळ बसलो कोण जाणे. साड्यांच्या घड्या झाल्या, चादरीची झाली. मध्येमध्ये मी कट्ट्याकडे बघत होतो. कट्ट्यावर स्टॅबिलायझर होता, जांभळ्या मखमलीच्या कव्हरमध्ये, खाली सोनेरी झालर, कोपऱ्यात दोऱ्याने भरलेलं एक फूल. त्याच्याकडे बघून मला काही म्हणजे काही वाटलं नाही. लहानपणी टीव्ही बघताना मी रोज हेच बघत होतो. तो डबा असाच दिसायचा. डबा असाच दिसणार.

मग सहज हिरवा दिवा बघायला गेलो, तर हिरवा दिवा नव्हता. पण खोलीतून आवाज तर येत होता. मशीन चालू, आणि दिवा दिसत नाही. दिवा दिसत नाही, कारण दिव्यावर मखमल आहे. मखमल... मी उठून हात लावला. तवा! चुलीवरून नुकता उतरवलेला तवा!

कव्हर ओढून काढलं आणि पक्कड घेऊन वरचं झाकण उचकटलं. आतून गरम वाफेसारखी हवा तोंडावर आली. बिचारा पंखा जीव खाऊन फिरत होता, पण मखमलीच्या आत तीच गरम हवा गोल गोल फिरवत होता. इतके दिवस मी खाणीला शिव्या देत होतो, रॅमला दोऱ्याने बांधत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. काखेत कळसा नव्हता, समोर होता, आणि त्याला झालरसुद्धा होती.

"आई!" मी ओरडणार होतो, पण पलीकडे वर्ग चालू होता. म्हणून मी कुजबुजत ओरडलो. ज्याला रागाने कुजबुजावं लागलं आहे त्यालाच कळेल की ते किती अवघड असतं. "हे तू घातलं?"

"हाव," आईही कुजबुजली. "भोंगा वाजला ना."

"रोज घालत होती?"

"भोंगा वाजला का घालत होती. धूळ बसली का काढून, झटकून ठेवत होती पेटीत. त्याचंच कव्हर होय थे. म्या शिवलं होतं टीव्ही आला तवा."

"म्या सांगितलं होतं ना, हात लावू नको!"

"हात कुठी लावला?" आई म्हणाली. "कोपऱ्याले धरून घालत होती. मशीनले बोट नाई लागू देलं."

तोपर्यंत मी सूप उचललं होतं आणि डब्यावर वारा घालत होतो. वारा घालता घालता तिला सांगितलं की या भेगांतून हवा जाते, हवा अडली की मशीन तापतं, फार तापलं की जळू नये म्हणून आपोआप बंद होतं. स्टॅबिलायझरच्या वेळी चाललं, याला नाही चालत. आईने ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला आणि ती डाळीच्या ताटाशेजारी खालीच बसली.

"म्हणजे म्याच बंद पाडत होती का?" ती म्हणाली. "पोरीले जावं लागू नाई म्हणून तर झाकत होती. जुनं मशीन, त्यात धूळ गेली तर बंद पडन, पोरगी निंगून जाईन..."

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. या घरात त्या मशीनला माझ्यापेक्षा जास्त कोणी जपलं असेल तर ते हिने, कोपऱ्याला धरून, बोट न लावता. मी सूप हलवत राहिलो आणि दुसऱ्या हाताने तिच्या खांद्यावर थोपटलं. मला इतकं हलकं वाटत होतं की मी मूर्खासारखा हसत होतो. हिला काय सांगावं, की आई, तुझ्यामुळे बंद पडत होतं याच्याइतकी आनंदाची बातमी दुसरी नाही! बोर्ड चांगला आहे, रॅम चांगली आहे, आणि खाण उद्या हलवावी लागणार नाही. नुसतं एक कव्हर काढायचं आहे.

"बसू नको," मी म्हटलं. "खिडकीतून धूळ येऊन राह्यली. ओला टॉवेल धर."

आई उठली. तिने टॉवेल ओला केला आणि अंगणाकडच्या खिडकीच्या फटीवर दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मी सुपाने वारा घालत होतो. पलीकडे भाकरीचे तुकडे आठ झाले, सोळा झाले, मुलं उत्तरं देत होती, एका मुलीने चुकीचं उत्तर दिलं आणि बायको हसली. एवढा गोड अपूर्णांकांचा तास मी आयुष्यात ऐकलेला नाही. माझे हात भरून आले. आईचे आले असतील, पण तिने टॉवेल खाली केला नाही.

मग तास संपला. दार उघडलं आणि बायको आली. तिने आधी उघडा डबा पाहिला, मग माझ्या हातातलं सूप, मग खिडकीला चिकटून उभी असलेली सासू.

"तुमी दोघं काय करून राह्यले?" ती म्हणाली.

मी सांगायला लागलो, आई मध्येच सांगायला लागली, आणि आई सांगता सांगता पुन्हा रडवेली झाली. बायकोने ते जांभळं कव्हर उचलून उलटसुलट करून पाहिलं, फूल पाहिलं, आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती पाटावर बसली आणि तिने आईला शेजारी ओढलं.

"मी तर समजली होती, माह्या नशिबातच घर नाई," ती म्हणाली. "आई, हे तुमचं कव्हर होतं का हो!"

सोमवारी फोन आला. काम पक्कं झालं. आईने तोवर जुनी मच्छरदाणी कापून डब्यासाठी नवं कव्हर शिवून ठेवलं होतं, आणि ते घालायच्या आधी ती मला चार वेळा विचारून गेली. मी ते घालून मशीन दुपारभर चालवलं, तपमान पाहिलं, आणि मग परवानगी दिली. झालर याही कव्हरला होती.

फोन ठेवल्यावर बायको स्वयंपाकघरात आली तेव्हा आई कोपऱ्यातून शेगडी काढत होती. तिने ती पुसली नाही. पेटीतून जांभळी मखमल आणली आणि शेगडीवर चढवली. शेगडी डब्यापेक्षा बरीच बसकी, त्यामुळे कव्हर वरून ढिलं पडलं आणि झालर फरशीवर लोळू लागली. आईने ते सगळं उचलून माझ्या हातात दिलं आणि माळ्याकडे बोट दाखवलं.

मी स्टूल ओढलं, तर बायकोने मला बाजूला केलं. स्वतःच पदर खोचून वर चढली, शेगडी माळ्यावर पार मागच्या भिंतीपर्यंत सरकवली, आणि मग तिथेच वाकून झालर चारही बाजूंनी आत दुमडू लागली.

"काय करून राह्यली व?" आईने खालून विचारलं.

"खालून मोकळं आहे, आई," ती म्हणाली. "शेगडी लय दिवस राहीन इथी. आत धूळ जाईन."